शाळेला फोन ठेवून घेता येतो. पण उघडता येतो का?

शेवटचा_बाक (धागाकर्ती)

माझी मुलगी नववीत शिकते. मागच्या पंधरवड्यात तिच्या वर्गाची अचानक दप्तरतपासणी झाली आणि तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात बंद करून ठेवलेला फोन सापडला. शाळेत फोन आणू नये, हा नियम शाळेच्या दैनंदिनीत दुसऱ्याच पानावर छापलेला आहे. तो तिने मोडला, त्यामुळे फोन काढून घेतल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वर्षअखेरपर्यंत परत मिळणार नाही असे सांगितले असते, तरी मी निमूटपणे मान्य केले असते.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पर्यवेक्षकांनी तिला कार्यालयात बोलावले, फोन सुरू करायला लावला, त्याचे कुलूप उघडायला लावले आणि मैत्रिणींच्या गटातले आठवडाभराचे संदेश तिच्यादेखत वाचून काढले. त्यांत एका शिक्षिकेच्या बोलण्याच्या लकबीची टिंगल होती. ती टिंगल चुकीची होती आणि त्याबद्दल मी घरी मुलीला चांगलेच सुनावले आहे. मात्र ते संदेश रविवारी रात्री, घरून पाठवलेले होते. तरीही त्यावरून तीन मुलींकडून माफीनामे लिहून घेण्यात आले, आणि त्यांतल्या दोघींकडे तर त्या दिवशी फोनही नव्हता.

माफीनाम्याची छायाप्रत माझ्यासमोर आहे. अक्षर मुलीचे आहे, भाषा तिची नाही. तिसऱ्या ओळीत ‘मी माझा फोन स्वखुशीने उघडून दाखवला’ असे वाक्य आहे. तिने आधी ‘स्वखूशीने’ असा खू दीर्घ काढला होता. तो वेगळ्या शाईने ऱ्हस्व करून घेतलेला दिसतो. जो शब्द तिला धड लिहिता येत नव्हता, तो तिला सुचला कसा, हे मी शाळेला विचारायला हवे होते. त्याऐवजी कार्यालयात उभ्याउभ्या मी त्याखाली सही करून आले.

शिस्त हवी की नको, हा माझा प्रश्नच नाही. शाळेचा अधिकार नेमका कुठे संपतो आणि तो संपतो हे ठरवते कोण, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी लिहावे.

तळटीप

मी वकिली करतो. हा विषय न्यायालयांपुढे सर्वांत जास्त अमेरिकेत आलेला आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो. भारताविषयी दुसरे कोणी लिहिले नाही तर नंतर लिहीन.

तुमच्या प्रसंगाला सर्वांत जवळचा निकाल १९८५ सालचा आहे. न्यू जर्सीतल्या एका शाळेत १४ वर्षांची मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना शिक्षिकेला आढळली. उपमुख्याध्यापकांपुढे तिने साफ इन्कार केला, तेव्हा त्यांनी तिची पर्स उघडली. वरच सिगारेटचे पाकीट होते. त्यासोबत गांजा वळण्याचे कागद दिसले, म्हणून त्यांनी आणखी खोल पाहिले, तेव्हा गांजा आणि पैसे देणे असलेल्या मुलांची यादीही मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने ही झडती वैध ठरवली. पोलिसांना झडतीसाठी जेवढा भक्कम आधार लागतो तेवढा शाळेला लागत नाही, वाजवी संशय पुरेसा आहे, असे सांगताना न्यायालयाने एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली, ती ही की शाळेचे अधिकारी हे राज्यसत्तेचेच हात आहेत आणि झडतीविरुद्धचे घटनेचे संरक्षण त्यांच्यापुढेही लागू होते. झडती दोनदा तोलायची असते: ती सुरू करायला कारण होते का, आणि सुरू केल्यावर ती त्या कारणापुरतीच राहिली का.

हा दुसरा प्रश्नच तुमच्या कामाचा आहे. सिगारेट ओढली की नाही, याचा शोध पर्समध्ये लागू शकत होता. तुमच्या मुलीचा अपराध ‘फोन आणला’ एवढाच होता, आणि तो फोन हातात आला त्या क्षणी सिद्ध झाला. आतल्या संदेशांतून त्यात तिळभरही भर पडणार नव्हती. मग तो उघडला कशासाठी? ‘आणखी काही सापडते का ते पाहू’ म्हणून, आणि झडतीच्या कायद्याला नेमके हेच मान्य नाही.

व्याप्तीचा हाच मुद्दा २००९ साली पुन्हा आला. ॲरिझोनातल्या १३ वर्षांच्या मुलीकडे वेदनाशामक गोळ्या असल्याचे दुसऱ्या मुलीने सांगितले. दप्तरात काही मिळाले नाही, तेव्हा शाळेतल्या दोन बायकांनी तिला अंतर्वस्त्रांपर्यंत कपडे काढायला आणि तीही बाजूला ओढायला लावले. काहीच मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ही झडती घटनाबाह्य ठरवली. दप्तर तपासणे न्यायालयाला चुकीचे वाटले नव्हते. पण दप्तरापासून अंगापर्यंत जाताना संशयही तेवढाच वाढायला हवा होता, आणि तो वाढला नव्हता. (त्या अधिकाऱ्याला वैयक्तिक भरपाई मात्र द्यावी लागली नाही, कारण कायदा तोवर पुरेसा स्पष्ट नव्हता असे न्यायालयाने मानले. हे मला आजही पटलेले नाही.)

राहिला फोन. अटक केलेल्या माणसाचा फोनसुद्धा पोलिसांनी वॉरंटशिवाय उघडू नये, असे त्याच न्यायालयाने २०१४ साली एकमताने सांगितले. खिशातले पाकीट आणि खिशातला फोन या एका जातीच्या वस्तू नाहीत, हे त्यामागचे कारण. तो निकाल पोलिसांविषयी आहे, शाळांविषयी नाही. पण फोन उघडणे म्हणजे दप्तराचा आणखी एक कप्पा उघडणे नव्हे, हे त्यावरून कळावे.

खडूचा_डाग

२२ वर्षे शिकवते आहे. वरचा प्रतिसाद आदराने वाचला. पण न्यायालयातल्या खुर्चीवरून वर्ग कसा दिसतो आणि वर्गातल्या खुर्चीवरून कसा दिसतो, यात अंतर आहे.

माझ्या टेबलाचा खालचा खण या क्षणी डोळ्यांसमोर आणते. त्यात हजेरी क्रमांक लिहिलेल्या पाकिटांत दोन फोन आहेत, एक लेझरचा दिवा आहे, रबराच्या पट्टीत गुंडाळलेले ब्लेड आहे आणि सातवीतल्या मुलाकडून घेतलेली गोट्यांची पिशवी आहे, जी न्यायला तो तीन महिने आलेला नाही. ब्लेड ज्या मुलीकडे मिळाले, ती ते दुसऱ्याला इजा करायला आणत नव्हती. तिचे दप्तर मी संशय वाजवी आहे की नाही याचा विचार करून उघडले नव्हते. तिच्या मनगटाकडे बघून उघडले होते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीला तिच्याच वर्गातला मुलगा तिचे छायाचित्र पसरवण्याची धमकी देत होता. सगळे फोनवरच चालले होते, बहुतेक शाळा सुटल्यानंतर. उघडकीस आले तेव्हा तिचे वडील माझ्यासमोर उभे राहून विचारत होते, ‘तुमच्या नाकाखाली हे चालले होते आणि तुम्ही एकदाही फोन पाहिला नाहीत?’ त्या दिवशी मला कोणी खासगीपणाचा हक्क सांगितला नाही. पालक मूल फाटकात सोडून जातात, ते आम्ही काही काळ पालकांच्या जागी उभे राहू या भरवशावरच. आईने मुलीचा फोन पाहिला तर त्याला आपण काळजी म्हणतो. तेच शिक्षकाने केले की अतिक्रमण का होते?

‘स्वखुशीने’ हा शब्द लिहून घेणे मात्र मलाही आवडलेले नाही. जे केले ते स्वतःच्या अधिकारात केले असे म्हणण्याचे धैर्य शाळेत असायला हवे होते.

मधली_सुट्टी

खडूचा_डाग यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. शिवाय अमेरिकेतले निकाल आपल्याला काय उपयोगाचे? धागा चांगला आहे, वाचते आहे.

तळटीप

खडूचा_डाग, तुमचा ‘पालकांच्या जागी’ हा मुद्दा या वादाचा कणा आहे, म्हणून त्यावर जरा विस्ताराने लिहितो.

ही कल्पना इंग्रजी कायद्यातली आणि बरीच जुनी आहे. इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७६५ साली ती नोंदवली, तेव्हाच तिची मर्यादाही नोंदवली होती. बाप आपल्या अधिकाराचा काही अंश शिक्षकाला सोपवू शकतो, आणि तो अंश किती, तर ज्या कामासाठी शिक्षकाला नेमले त्या कामाला लागेल तेवढा. पुढच्या दोनशे वर्षांत शाळांनी या वाक्याचा पूर्वार्ध पाठ केला आणि उत्तरार्ध सोडून दिला. आईने फोन पाहणे आणि शाळेने पाहणे यांत फरक पडतो तो इथे. आईने आपला सगळा अधिकार सोपवलेला नसतो. आणि आई फोन पाहून जे करेल त्याची नोंद कोणत्याही फाइलमध्ये राहत नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उमटत नाही.

शिवाय खुद्द पालकच ‘हा अधिकार आम्ही दिलेला नाही’ म्हणाले, तर? हे प्रत्यक्ष घडले आहे. स्कॉटलंडमध्ये १९७६ साली एका मुलाने शाळेतून घरी जाताना दफनभूमीतून जाणारी, शाळेने मनाई केलेली जवळची वाट धरली. त्यासाठी त्याला चामड्याच्या पट्ट्याचा मार खायचा होता. वडिलांच्या सांगण्यावरून त्याने तो नाकारला, म्हणून त्याला निलंबित केले, आणि सक्तीच्या शिक्षणाचे वय संपेपर्यंत तो मुलगा शाळेत परत गेलाच नाही. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १९८२ साली तिथे निकाल लागला की मुलाला मारू नये ही पालकांची भूमिका म्हणजे केवळ आवडनिवड नसून तत्त्वनिष्ठ धारणा आहे, राज्याने तिचा मान राखायलाच हवा, आणि मार नाकारला म्हणून मुलाला शिक्षणापासून वंचित ठेवता येत नाही. पुढे १९८६ च्या कायद्याने ब्रिटनच्या सरकारी शाळांतला मार बंद झाला. एका आडवाटेमुळे एवढे घडले.

तुमच्या शाळेतल्या धमकीच्या प्रकाराविषयी. २०२१ सालच्या एका अमेरिकी निकालात याचे उत्तर बऱ्यापैकी मिळते. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीची शाळेच्या मुख्य चीअरलीडर चमूत निवड झाली नाही. शनिवारी, शाळेपासून दूर एका दुकानात असताना तिने स्नॅपचॅटवर शाळेच्या नावाने शिवराळ मजकूर टाकला. तो एका दिवसात आपोआप पुसला जाणार होता. पण दुसऱ्या मुलीने पडद्याचे छायाचित्र काढून प्रशिक्षकांपर्यंत पोचवले आणि तिला कनिष्ठ चमूतून वर्षभरासाठी काढले. ८ विरुद्ध १ मतांनी शाळा हरली. न्यायालय म्हणाले, शाळेबाहेरच्या बोलण्यावर मूल पालकांच्या ताब्यात असते. शाळेने तेही आपल्या कक्षेत घेतले, तर मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत मोकळे बोलायला जागाच उरणार नाही. मात्र त्याच निकालात छळ, धमक्या आणि कोणा एकाला लक्ष्य करून केलेला त्रास यांत शाळेला हात घालता येईल, असेही म्हटले आहे. म्हणजे तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला शाळेबाहेरच्या कृत्याबद्दल जाब विचारता येतो. लकबीची टिंगल करणाऱ्या तीन मुलींचे प्रकरण त्या पंक्तीत बसत नाही.

आणि ब्लेडविषयी: मनगट पाहून दप्तर उघडणे हाच वाजवी संशय. तुम्ही कायदा पाळलात, फक्त त्याचे नाव घेतले नाहीत.

हजेरीपट

मधली_सुट्टी यांच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण आपल्याकडचा या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल पुष्कळांना अर्धवटच माहीत असतो.

केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडे एका शाळेत शिकत होती. दहावीत, नववीत आणि पाचवीत. कुटुंब यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. हे बरीच वर्षे कोणाला खटकले नव्हते. एका आमदाराच्या ते लक्षात आले, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी आयोग नेमला गेला, आणि मुले कायद्याने वागणारी आहेत, त्यांनी कोणताही अनादर केलेला नाही, असा अहवाल आयोगाने दिला. तरीही शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून २६ जुलै १९८५ रोजी मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेतून काढले. वडील विनवण्या करत गेले, सरकारचा निर्णय येईपर्यंत मुलांना वर्गात बसू द्या म्हणाले. मुख्याध्यापिकांनी आपली असहायता सांगितली. मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा जास्त बोलकी वाटते. ज्या बाईंनी आदेशावर सही केली, त्यांच्या हातात तो आदेश नव्हताच.

उच्च न्यायालयात मुले हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. कारणे दोन होती. एक, न गाता आदराने उभे राहणे म्हणजे अवमान नव्हे, आणि गप्प राहण्याचा हक्क हा बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे. दुसरे कारण धाग्याच्या दृष्टीने जास्त कामाचे आहे: मूलभूत हक्कावर मर्यादा घालायची तर ती कायद्यानेच घालावी लागते, आणि खात्याचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. परिपत्रकाची ही गत, तर दैनंदिनीच्या दुसऱ्या पानावरच्या नियमाची काय? आता मधली_सुट्टी यांच्या प्रश्नाचे उत्तर: या निकालात आपल्या न्यायालयाने अमेरिकेतले ध्वजवंदनाचे खटलेही तपासले होते. तिथे १९४० साली मुलांना ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरली आणि अवघ्या तीन वर्षांत, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला. तीही मुले याच पंथाची होती.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर चित्र एकांगी होईल. घटनेतले बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध आहेत. शाळा खासगी आणि विनाअनुदानित असेल, तर ‘माझ्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग झाला’ म्हणून तिच्याविरुद्ध थेट दाद मागणे अवघड होते. अमेरिकेतही हे सारे निकाल सरकारी शाळांचेच आहेत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा खासगी शाळांनाही बांधतो. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, आणि कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. धागाकर्तीची मुलगी नववीत आहे. ज्या वयात हक्काचे प्रश्न उभे राहू लागतात, नेमके त्याच वयात हे छत्र डोक्यावरून निघते.

तरी हाती काहीच उरत नाही असे नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला भारताने १९९२ साली मान्यता दिली. त्यातल्या कलम १६ मध्ये मुलाच्या खासगीपणाचे आणि पत्रव्यवहाराचे संरक्षण आहे, आणि कलम २८ मध्ये शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असे म्हटले आहे. खडूचा_डाग यांनी सांगितलेल्या धमकीच्या प्रकारात, छायाचित्र लैंगिक स्वरूपाचे असेल तर, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवण्याचे बंधन आहे, आणि कळवायचे ते पोलिसांना. शिक्षकाने स्वतः फोन चाळत बसावे असे कोणताच कायदा सांगत नाही, आणि पुराव्याच्या दृष्टीनेही ते बरे नाही.

दुसरी_घंटा

एक अनुभव. मी आठवीत असताना वर्गाच्या खिडकीची काच फुटली. मागच्या दोन रांगांतल्या सगळ्यांना उभे केले आणि तीन दिवस शाळेत यायचे नाही असे सांगितले. ती काच फुटली तेव्हा मी ग्रंथालयात होतो; कार्डावर त्या तासाचा शिक्का होता आणि ते कार्ड खिशात होते. मला ते दाखवता आले नाही, कारण कोणी काही विचारलेच नाही. काच नंतर बसली. मला मात्र तीन दिवसांपेक्षा, कार्ड खिशातच राहिले याचे जास्त वाईट वाटते.

तळटीप

दुसरी_घंटा, तुमच्यासारखेच एक कार्ड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले होते. १९७१ साली ओहायोतल्या कोलंबस शहरात एका शाळेच्या भोजनगृहात गोंधळ झाला, सामान तुटले. एका विद्यार्थ्याला निलंबित केले गेले. आपण केवळ तिथे उभे होतो असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याच्या साक्षीनुसार त्या दिवशी आणखी किमान ७५ मुले निलंबित झाली. त्याची बाजू कोणीही ऐकली नव्हती. राज्याच्या कायद्यानुसार १० दिवसांपर्यंतच्या निलंबनासाठी ती ऐकण्याची गरजच नव्हती.

१९७५ साली ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने सांगितले की १० दिवसांचे निलंबनही क्षुल्लक नाही. आरोप काय आहे ते सांगा, मूल नाकारत असेल तर तुमच्याकडे पुरावा काय आहे तो सांगा, आणि त्याची बाजू ऐका. वकील नको, साक्षीदारांची उलटतपासणी नको. घटनेनंतर लगेच, व्हरांड्यात उभ्याने झालेले पाच मिनिटांचे बोलणेही चालेल. धोका तातडीचा असेल, तर मुलाला आधी बाहेर काढा आणि लवकरात लवकर ऐका.

या विषयातल्या सगळ्या निकालांतून एकच निवडायचा असेल तर मी हा निवडेन, १९६९ चा दंडावरच्या काळ्या फितींचा प्रसिद्ध निकाल नाही. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ फिती बांधणाऱ्या मुलांना शाळेच्या फाटकाशी हक्क उतरवून ठेवावे लागत नाहीत, हे तेव्हा ७ विरुद्ध २ मतांनी ठरले आणि ते थोरच आहे. पण त्या निकालाला नंतर बऱ्याच कात्र्या लागल्या: १९८८ साली विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातली दोन पाने मुख्याध्यापकांनी काढून टाकली आणि न्यायालयाने ते मान्य केले. शिवाय काळी फीत बांधण्याची वेळ फार थोड्या मुलांवर येते. न ऐकता शिक्षा जवळजवळ प्रत्येकाला झालेली असते.

मधली_सुट्टी

मघाशी घाईने लिहिले होते, हजेरीपट यांचे आभार. गणवेशाविषयी कोणी लिहील का? घरात सध्या केसांच्या लांबीवरून वाद चालू आहे.

हजेरीपट

थोडक्यात लिहितो, कारण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. दक्षिण आफ्रिकेत तमिळ हिंदू कुटुंबातल्या एका मुलीला नाकात चमकी घालण्यास शाळेने मनाई केली. प्रकरण घटनात्मक न्यायालयात पोचेपर्यंत ती शाळा सोडूनही गेली होती. तरी न्यायालयाने ते ऐकले आणि २००७ साली शाळेने भेदभाव केल्याचा निर्णय दिला. गणवेश ठेवू नका असे न्यायालय म्हणाले नाही. चमकीने शिस्त कशी बिघडते ते शाळेला दाखवता आले नाही आणि सवलतीची तरतूद तिच्या नियमांत नव्हती, हा दोष होता. आपल्याकडे शिरोवस्त्राच्या प्रश्नावर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली, त्यामुळे त्या निकालाचा आधार कोणत्याच बाजूला घेता येत नाही. केसांच्या लांबीवर मी घरात पडणार नाही.

खडूचा_डाग

दोन दिवस विचार करून लिहिते आहे. दुसरी_घंटा यांचे कार्ड मनातून जात नाही. माझ्या हातून असे किती झाले असेल, याचा हिशेब लागणार नाही.

‘ऐकून घ्या’ हे मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी न्यायालयाची गरजही नव्हती. फोनबाबत मी अर्ध्यावर आले आहे. नुसत्या नियमभंगासाठी तो उघडू नये, पाकिटात घालून वर वेळ लिहावी आणि पालकांच्या हाती द्यावा. पण एखाद्या मुलाच्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, तर मी उघडायला लावीन आणि मागाहून त्याचा जाब देईन. संशय वाजवी होता की नाही हे कोणीतरी वर्षभराने थंड डोक्याने ठरवणार, आणि मला ते चाळीस मुले समोर असताना अर्ध्या मिनिटात ठरवावे लागणार. हे अंतर कोणताही निकाल मिटवत नाही, आणि त्याची किंमत दरवेळी शिक्षकानेच का मोजावी, याचे उत्तर मला या धाग्यात मिळालेले नाही.

तळटीप

मिळणार नाही, कारण ते माझ्याकडेही नाही. ‘मागाहून जाब देईन’ हे मात्र मला पुरेसे आहे. धागाकर्तीच्या शाळेने ‘स्वखुशीने’ हा शब्द घातला तो तेवढ्यासाठीच, की जाब द्यावाच लागू नये. संमती आहे म्हटले की कारण सांगावे लागत नाही. पण पर्यवेक्षकांच्या टेबलासमोर एकट्या उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची संमती कसली? २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे याच प्रश्नाच्या जवळ जाणारे प्रकरण आले होते. सातवीतल्या १३ वर्षांच्या मुलाला गणवेशातल्या पोलिसाने वर्गातून उठवून बंद खोलीत नेले आणि निदान अर्धा तास प्रश्न विचारले. आपण उठून जाऊ शकतो असे त्याला वाटत होते का, हे ठरवताना त्याचे वय लक्षात घ्यावेच लागेल, असे न्यायालयाने सांगितले.

धागाकर्तींनी मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे. आरोप करू नयेत, तीनच गोष्टी विचाराव्यात: फोन कोणत्या नियमाखाली उघडला, इतर मुलींचे संदेश कोणी कोणी वाचले, आणि माफीनामा किती काळ फाइलमध्ये राहणार. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

शेवटचा_बाक (धागाकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन प्रश्नांचे पत्र दिले, पोच घेतली आणि काल मुख्याध्यापकांना भेटून आले.

बोलणे सौजन्याने झाले. फोन परत मिळाला. माफीनामा फाइलमधून काढता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. तिसरी ओळ खोडण्यासही ते तयार झाले नाहीत, कारण त्याखाली माझी सही आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मग मुलीनेच विचारले, ‘मी माझे वेगळे लिहून देऊ का?’ मुख्याध्यापकांनी तिच्याकडे पाहिले आणि कोरा कागद पुढे केला.

तिने तिथेच बसून लिहिले. बाईंची टिंगल केली ती चूक होती आणि त्याबद्दल तिने बाईंची वर्गात जाऊन क्षमा मागितली आहे. फोन तिने सरांनी सांगितले म्हणून उघडला. एवढी दोनच वाक्ये होती. शिपाईकाकांनी तो कागद आधीच्या माफीनाम्याच्या मागे टाचणीने लावला. वरून पाहणाऱ्याला पहिले पानच दिसेल, हे खरे आहे. पण फाइल जो उघडेल त्याला दुसरेही उलटावे लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बाकी मुलींचे संदेश कोणी कोणी वाचले याचे, लेखी उत्तर आठवड्यात देतो म्हणाले आहेत. आले की इथे कळवीन. त्या दोघींपैकी एकीच्या आईने काल रात्री मला तोच प्रश्न विचारला, आणि तिलाही मी हा धागा वाचायला दिला आहे.